मागच्या भिंतीकडचं घर

माझ्या बायकोचा श्वास मला तिच्या वाक्यांवरून कळतो. छाती मोकळी असली की ती एका दमात बोलते. भाजी, सून, कालचा फोन, माझा विसराळूपणा, सगळं एकाच वाक्यात येतं आणि ते संपेपर्यंत सुरुवात काय होती हे मला आठवत नाही. छाती भरायला लागली की वाक्यं तुटतात. मग 'हो', 'नको', 'ठेवा तिथे' एवढंच. डॉक्टरांनी तिला त्यांच्या यंत्रात फुंकायला सांगण्याआधीच मला उत्तर माहीत असतं.

आमचं गाव आजऱ्याच्या बाजूचं. पावसाळ्यात घरातल्या भिंतीला हात लावला तर तो ओला होऊन यायचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिला दम्याने धरलं. पुढे मला सौदीत, जुबैलच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. वर्षभरात तिचा पंप कपाटात गेला तो गेलाच. धुळीचं वादळ आलं की सगळं कंपाउंड, म्हणजे आमची अख्खी वसाहत, खोकायचं, दारांच्या फटीत टॉवेल कोंबून बसायचं, आणि ही मात्र स्वयंपाकघरात खुशाल फोडण्या देत असायची. तिला धूळ सोसते, ओल सोसत नाही. डॉक्टरांना हे विचित्र वाटायचं, पण होतं ते तसंच.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील एस.टी.च्या डेपोत टायर बदलायचे. शाळेतल्या गुरुजींनी फी भरली नसती तर मीही तेच केलं असतं, आणि त्यात वाईट काही नव्हतं. या देशाने मला काय दिलं असं कुणी विचारलं तर लोकांना पगाराचं उत्तर हवं असतं. माझ्या मनात आधी बायकोची अखंड वाक्यं येतात.

निवृत्ती जवळ आली तेव्हा म्हणूनच माझी झोप उडाली. नोकरी संपली की इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपतो, इकामा संपला की घर रिकामं करायचं, आणि मग परत. परत म्हणजे पुण्याला मुलाकडे. मुलगा चांगला आहे. त्याचा सहाव्या मजल्यावर फ्लॅट आहे आणि आमच्यासाठी त्याने एक खोली रंगवून ठेवली आहे. पण मागच्या एका पावसाळ्यात ही त्याच्याकडे राहायला गेली होती, तेव्हा तिला दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला. मी रजा मिळवून पोचेपर्यंत ती उशांना टेकून बसली होती आणि माझ्याशी मानेने बोलत होती. ती मान मी विसरलेलो नाही. मुलगा मात्र अजून म्हणतो, "बाबा, बी प्रॅक्टिकल. एअर प्युरिफायर लावू." तो हे इंग्रजीतच म्हणतो, आणि मी चिडलो की हिंदीत समजावतो.

अलीकडे इथे नोकरी नसतानाही राहता येईल असा वेगळा इकामा निघाला आहे. त्याला कफील, म्हणजे आपली हमी घेणारा इथला मालक, लागत नाही. बऱ्याच खेपा घालून मला तो मिळाला, आणि कारखान्यातल्या माझ्या जुन्या मित्रालाही मिळाला. हा मित्र नाशिकचा. आमची मुलं एकाच इंडियन स्कूलच्या बसमधून गेली आणि एकाच सुमारास उडूनही गेली. त्याच्या बायकोचे गुडघे गेलेले, माझ्या बायकोची छाती. आम्ही ठरवलं होतं की राहायचं तर शेजारीशेजारी राहायचं. एकाचा मिक्सर बिघडला तर दुसऱ्याकडे वाटण. आणि पुढेमागे चौघांतलं कुणी गेलं, तर उरलेल्यांना भिंतीपलीकडे कुणीतरी मराठीत बोलणारं असेल. हे शेवटचं आम्ही कधी मोठ्याने बोललो नाही, पण सगळ्यांना तेच हवं होतं.

जागा आम्हाला आमच्या किराणावाल्या भाईंनी सुचवली. ते दापोलीचे. त्यांचा माल रियाधच्या पलीकडे अल खर्जपर्यंत जातो. तिथे एका शेतमालकाने निवृत्त लोकांसाठी घरं बांधली आहेत, एकदा बघून या म्हणाले. आम्ही माहिती मागवली. प्रत्येकाचं स्वतंत्र घर, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची किल्ली. बाकी दवाखाना, बाजाराला जायची मिनीबस आणि फाटकावरचा पहारेकरी सगळ्यांचा मिळून. रोज सकाळी दाराच्या मुठीला एक निळी पाटी अडकवायची. ती दिसली नाही तर पहारेकरी येऊन दार वाजवणार. मी आयुष्यभर कारखान्यात सुरक्षा बघितली. ती पाटी मला इतकी आवडली की बाकीचं मी जवळजवळ वाचलंच नाही.

हिवाळ्यात एका गुरुवारी आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो. सुट्टीचे दोन दिवस तिथे राहून बघायचं आणि पटलं तर सह्या करायच्या. रियाध मागे पडलं, रस्ता बराच वेळ भुराच राहिला, आणि मग एकदम हिरवं सुरू झालं. लसूणघासाची गोल गोल शेतं, इतकी मोठी की पलीकडचा माणूस ठिपक्याएवढा दिसेल. त्यांच्यामागे गाईंचे गोठे. आणि त्या हिरव्याच्या अगदी कडेला आमची घरं, पुढे लहानसा व्हरांडा, व्हरांड्यापुढे हिरवळ.

मित्र गाडीतून उतरला आणि नुसता उभा राहिला.

"वहिनी," तो माझ्या बायकोला म्हणाला, "निफाडला उतरल्यासारखं वाटतंय की नाही?"

इतकी वर्षं आम्ही एसीच्या नळीखाली बादली ठेवून त्या पाण्यावर कढीपत्ता जगवलेला. एक नवं पान फुटलं की शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो. अशा माणसांना दारासमोर लसूणघास दाखवल्यावर ती काय करणार? कंपाउंडचा मॅनेजर मल्याळी होता, मृदू बोलणारा. त्याने विचारायच्या आत आम्ही शेताकडची पहिल्या रांगेतली दोन घरं मागून घेतली. मित्राच्या बायकोने त्याच संध्याकाळी खिडक्यांची मापं घेतली. माझी बायको व्हरांड्यात बसून होती. समोर चाकांवरची लांब नळी शेतातून गोल फिरत पाणी उडवत होती, कापलेल्या घासाचा वास येत होता, गोठ्यांतले फवाऱ्यांचे पंखे घुमत होते.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली.

दोनच शब्द. मला वाटलं, प्रवासाने दमली असेल.

सकाळी उठून बघतो तर शेतावर पांढरं धुकं बसलेलं आणि व्हरांड्यातल्या खुर्च्या ओल्या. मी खुर्चीवरून बोट फिरवलं. बोटाला पाणी लागलं होतं. वाळवंटात राहायला म्हणून आलेलो मी, आणि खुर्चीला पाणी.

तिने पाटी मुठीला अडकवली आणि आम्ही फाटकापर्यंत फिरायला निघालो. वाटेत ती एका झुडपापाशी थांबली. फुलं बघते म्हणाली. पुढे पुन्हा थांबली, तिथे फुलं नव्हती.

"पंप आणलायस?"

"हो."

"घेतलास?"

"मघाशी."

"मला का नाही सांगितलंस?"

ती थोडा वेळ चालली. मग थांबून, मध्ये श्वास घेत म्हणाली, "वहिनींनी पडदे ठरवलेत. आता बोलू नका काही."

माझा राग तिच्यावर नव्हता. माझ्यावर होता, त्या हिरव्यावर होता, आणि थोडा निफाडवरही होता. नाश्त्याला मी मित्राला सांगितलं. त्याने ब्रेडला लोणी लावता लावता ऐकून घेतलं आणि म्हणाला की नवीन जागेत पहिले दोन दिवस कुणालाही असं होतं, एसीचं असेल, फिल्टर साफ करायला सांगू. मी म्हटलं, एसीचं नाही, शेताचं आहे, ही घरं सखलात आहेत, वारा पडला की सगळी ओल इथेच साचते.

"अरे, मग कालच नाही का बघायचंस?" तो म्हणाला. "प्लांटमध्ये आम्हाला खांबावरचा तो वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा दाखवून दाखवून पिडायचास. गॅस सुटला की आधी मोजा बघा, मग पळा. इथे येताना तुझा मोजा धुवायला टाकला होतास होय?"

त्याची बायको हसली. माझीही हसली, आणि त्या हसण्याने तिला खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही. मग कुणी हसलं नाही.

मी मॅनेजरकडे गेलो. बेगमसाहेबांची तब्येत बरी नाही ऐकून त्याला मनापासून वाईट वाटलं. काळजी करू नका साब, लगेच बंदोबस्त करतो म्हणाला. आम्ही तासाभराने तिथल्या दवाखान्यातून परतलो तेव्हा बंदोबस्त आमच्या व्हरांड्यात उभा होता. एक मोठा पंखा, त्याच्या कडेने बारीक नळ्या आणि त्यांतून थंडगार फवारा. गाईंना लावतात तसलाच. शिवाय पुढच्या हिरवळीवर एक जादा फवारा फिरत होता. हवा गार राहिली की बरं वाटेल, असं त्याने माळ्याला सांगितलं होतं म्हणे. मी स्वतः जाऊन नळ बंद केला. थोड्या वेळाने माळ्याने तो पुन्हा सोडला. मी पुन्हा बंद केला. माळी मला वेडा समजला असावा. मी त्याच्यावर आवाज चढवला आणि मग मलाच लाज वाटली, कारण त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. तिथे कुणीच काही चुकीचं करत नव्हतं. सगळे आमचं भलं करायला टपलेले होते आणि माझी बायको आत बिछान्याच्या कडेला दोन्ही हात टेकून बसली होती.

मुलाचा फोन आला. तिने घेतला नाही, म्हणून मी घेतला. काय झालंय हे माझ्या आवाजावरून त्याने ओळखलं आणि म्हणाला, "आय टोल्ड यू, बाबा." मी फोन ठेवून दिला.

जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळीकडे सामसूम होती. घरात बसवेना, म्हणून आम्ही उलट्या बाजूला चालायला लागलो, शेताकडे पाठ करून. कंपाउंड मागे चढत जातं. ती हळूहळू चढली, मध्ये मध्ये थांबून. वर मागची भिंत आहे, पाण्याचा टँकर येतो ते फाटक आहे, जनरेटरची खोली आहे आणि एका रांगेत चार बुटकी घरं. पलीकडे नुसती खडी. विजेचे खांब. लांबवर हायवेवरून जाणारे ट्रक. फाटकापाशी ड्रायव्हरांच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या पडल्या होत्या. आम्ही त्यांवर बसलो. खडीवरून वारा येत होता, कोरडा, किंचित धुळीचा. जुबैलच्या आमच्या गॅलरीत यायचा तसला.

आम्ही हायवेवरचे ट्रक बघत बसलो. मग ती म्हणाली की खुर्च्या पुसायला हव्या होत्या. मी हं म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाली की पडद्यांचा रंग काही तिला पटलेला नाही, पण त्यांच्या घरात त्यांची हौस. आणखी थोड्या वेळाने तिने मित्राच्या बायकोच्या गुडघ्यांवरून सुरुवात केली, तिथून पुण्याच्या लिफ्टवर गेली, लिफ्टवरून सुनेच्या भावाच्या लग्नावर, आणि मध्ये कुठेही थांबली नाही. मी टँकरच्या फाटकाकडे बघत ऐकत होतो. माझे डोळे भरून आले होते आणि ते तिला दिसू नयेत अशी माझी इच्छा होती.

वाक्य संपलं तेव्हा तिलाही ते कळलं.

"अहो," ती म्हणाली, "इथे घर मिळेल का विचारा."

मी विचारलं, आणि माझी खरी परीक्षा तिथून सुरू झाली. मॅनेजरला आधी वाटलं मी थट्टा करतोय. "साब, वो तो ड्रायव्हर लोग का है." ड्रायव्हर आता गोठ्यांकडे राहायला गेले आहेत ना, मी म्हटलं, घरं रिकामी आहेत ना. आहेत, पण तिथे व्ह्यू नाही. मला व्ह्यू नको. तिथे जनरेटर आहे. चालेल. तिथे हिरवळ होणार नाही. मी म्हटलं, देवाच्या कृपेने होऊ नये. त्याने मान हलवली, इन्शाल्ला म्हणाला, मालकांना विचारतो म्हणाला. या देशात कुठलं इन्शाल्ला 'हो' असतं आणि कुठलं 'नाही', हे एव्हाना मला कळतं. हे 'नाही' होतं.

शनिवारी सकाळी मालक स्वतः आले. माझ्याच वयाचे, शांत गृहस्थ. वेलदोड्याची कॉफी आणि खजूर बरोबर घेऊन आले होते. मी माझ्या कारखान्यातल्या अरबीत सगळं समजावलं, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा. त्यांनी ऐकलं आणि एकच शब्द उच्चारला. "ऐब." लाजिरवाणी गोष्ट. पाहुण्याला, तेही वयस्कर इंजिनियरला, मी टँकरच्या फाटकाशी ठेवलं तर लोक मला काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी कोपऱ्यावरचं मोठं घर देऊ केलं. तिथे हिरवळ दुप्पट होती.

मी पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा कॉफी ओतली. मी तीही प्यायलो. भांडता येत नव्हतं, कारण समोरचा माणूस माझा मानच राखत होता. शिकलेलं सगळं वापरून मी हरत होतो.

माझी बायको उठली. तिने मालकांना हाताने खूण केली आणि चढणीने चालायला लागली. आम्ही सगळे तिच्यामागून गेलो, मालक, मॅनेजर, मी. वर पोचल्यावर ती धापा टाकत त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आणि त्यांना थांबायला लावून तिने धाप ओसरू दिली. मग भाजीबाजारात शिकलेल्या अरबीत म्हणाली, "हिना नफस ज़ैन." इथे श्वास चांगला. आणि खाली शेताकडे बोट करून, "हिनाक नफस मा फी." तिथे श्वास नाही.

मालक तिच्याकडे बघत राहिले. दवाखान्यात न्यायचं का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नको, घर पाहिजे. मग ते मला म्हणाले की त्यांची आईसुद्धा हिवाळाभर बाहेर खडीवर तंबू ठोकून राहायची, शेतातल्या घरात झोपायला तयार नसायची, आणि ते तिला हट्टी म्हणायचे. एवढं बोलून त्यांनी त्या बुटक्या घरांकडे पाहिलं आणि मॅनेजरला म्हणाले, "खलास." म्हणजे झालं, ठरलं. रंग द्या, दारं बदला.

मला आनंद झाला, पण तो फार टिकला नाही, कारण खाली मित्राला सांगायचं होतं. तो आमची वाट बघत व्हरांड्यात बसला होता, सहीसाठी पेन खिशाला लावून. मी सांगितलं. तुम्हीही वरच या, असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच्या बायकोच्या गुडघ्यांकडे नजर गेली. ती चढण तिला रोज जमणार नव्हती. दवाखानाही खालीच.

"मग आपण एकत्र कशाला आलो?" तो म्हणाला.

 त्याने खालच्या घराची सही केली, मी वरच्या. परतीच्या वाटेवर रियाध आलं. मग मागच्या सीटवरून त्याचा आवाज आला, अजून रुसलेला. "तुझा मिक्सर बिघडला तर खाली घेऊन ये. मी काही वर यायचो नाही."

आता आम्ही तिथेच राहतो. तो वर येत नाही, खरंच. मी जातो, संध्याकाळी. त्याच्या व्हरांड्यात चहा पितो आणि त्याच्यासमोरचा लसूणघास बघतो. परत चढताना दर वेळी मला राग येतो, की एवढ्या मोठ्या कोरड्या देशात आम्हा चौघांना एका भिंतीच्या आडोशाने राहता येईल अशी एक जागा नसावी. तो राग कुणावर काढायचा ते अजून सापडलेलं नाही.

काल असाच चढून आलो. जनरेटर घुमत होता. दार उघडलं तर ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी, आणि मी चप्पल काढायच्या आत सुरू झाली, की आलात का एकदाचे, तो टँकरवाला आज पुन्हा पहाटे हॉर्न वाजवून गेला, त्याला तुम्ही बोलणार होतात ते बोलला नाहीत, आणि कढीपत्त्याच्या डब्यात त्याच्या टायरची खडी उडून पडली, ती मीच वेचली, आणि वहिनींचा फोन आला होता, त्यांनी पडदे शेवटी धुवून लावले, मला बोलावलंय, पण जायचं म्हणजे तिथे तासभर बसायचं आणि पंप पर्समध्ये ठेवायचा, तरी मी जाणार आहे, शुक्रवारी जाईन, ऊन असताना, आणि तुमच्या मुलाला सांगा की रोज रोज इंग्रजीत तब्येत विचारू नकोस, मराठीत विचार, मग सांगते, आणि हे काय, कोथिंबीर आणायला सांगितली होती ती कुठे आहे.

कोथिंबीर मी विसरलो होतो. पण मध्ये बोललो नाही. तिला अजून पुढे बोलायचं होतं.